वेणूचा शेवट कोणी नेला

१

‘वेणूने घाटाच्या अखेरच्या पायरीवर पाऊल ठेविलें, आणि’

एवढं वाचून विद्याधर सर थांबले. चेन्नईत, एग्मोरच्या मागच्या गल्लीतल्या ‘मराठी स्नेहमेळा’च्या वाचनालयात त्या रविवारी चाळीसेक माणसं जमली होती. सगळ्यांना वाटलं, सर मुद्दाम थांबलेत. कीर्तनकार नाही का, ऐन प्रसंगाला झांज थांबवून इकडेतिकडे बघतो, तसं. पुढच्या खुर्चीतल्या शशिकलाबाईंनी तर पदराचं टोक डोळ्यांशी नेऊन तयार ठेवलं होतं.

पण सरांनी पान उलटलं आणि पुढं पान नव्हतंच. थेट पुठ्ठा.

“शेवटचा फर्मा, पानांचा शेवटचा जुडगाच नाहीये,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच खोलीतला पंखाही ऐकू यायला लागला.

पुस्तकाचं नाव ‘दीनवदना वेणू’. सव्वाशे वर्षांपूर्वीचं. कर्त्याच्या जागी नुसतं ‘एक सद्गृहस्थ’ एवढंच छापलेलं. वाईची एक बालविधवा, घरात उतरलेल्या विद्यार्थ्याच्या गोड शब्दांना भुलते, घरचे तिला हाकलतात आणि ती कृष्णेच्या घाटावर येते, अशी कथा. दुसरी प्रत कुठं असल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मैलापूरच्या तुकोजीरावांनी, म्हणजे जुन्या तंजावरी मराठी घराण्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी, मागच्याच आठवड्यात ही प्रत वाचनालयाला दिली होती. देताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, “संपूर्ण आहे. शेवट फार गोड. वेणू मरत नाहीं.”

आणि त्याच एका वाक्यासाठी विद्याधर सर साताऱ्याहून गाडी पकडून आले होते. आरंभीच्या कादंबऱ्यांतल्या असहाय मुली हा त्यांचा अभ्यासाचा विषय. “त्या काळच्या कादंबरीत तरुण मुलीला कामं तीनच,” व्याख्यानाच्या सुरुवातीला ते म्हणाले होते, “लाजायचं, मूर्च्छा यायची, आणि शेवटी नदी किंवा विहीर. लेखक रडतो, वाचक रडतो आणि मुलगी मेल्यामुळे दोघांनाही बरं वाटतं. यातून जिवंत सुटलेली माझ्या माहितीतली ही एकटी.”

ती एकटीच आता अर्ध्या वाक्यात लटकली होती.

स्नेहमेळ्याचे कार्यवाह माधवराव उठले. आवडी गावच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेला, मऊ मनाचा माणूस. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग कपाटाशेजारी उभ्या असलेल्या कीर्तीकडे. कपाटाची किल्ली तिच्याकडे असे, दुसरी कुणाकडेही नव्हती.

“जाऊ दे,” माधवराव हळुवारपणे म्हणाले, “पोरवय आहे. आपण पोलीसबिलीस काही करायचं नाही. आपण तिला क्षमा केली.”



२

कीर्ती आईवडिलांविना वाढलेली. काका गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला. वाचनालय सांभाळायचं आणि वरच्या खोलीत राहायचं, या बोलीवर ती इथं आली, रात्रीच्या वर्गाला जाऊन संगणकाची परीक्षा पास झाली आणि आता सिरुसेरीच्या एका कंपनीनं तिला घेतलं होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती. कंपनीचे लोक माधवरावांना फोन करून तिच्याविषयी विचारणार होते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणतात ते. फोन कधीही आला असता. माधवराव खोटं बोलणाऱ्यातले नव्हते आणि त्यांनी तर तिला क्षमा करून टाकली होती.

सोमवारी सकाळी शशिकलाबाई वाचनालयात आल्या तेव्हा कीर्ती पुस्तकं पुसत होती. शशिकलाबाईंची सगळी नोकरी रेल्वेच्या दावे खात्यात गेलेली. हरवलेल्या पार्सलांमागं त्या पार विजयवाड्यापर्यंत फिरलेल्या. निवृत्तीनंतर दोनच गोष्टी उरल्या होत्या, गुडघेदुखी आणि कीर्तन. मांबळात तमिळ हरिकथा असली तरी जायच्या. निम्मी कळायची, रडायच्या मात्र पूर्ण.

“बाळ, मला सांग,” त्या जवळ बसून म्हणाल्या, “कुणाच्या सांगण्यावरून केलंस का? कुणी मुलगा वगैरे...”

कीर्तीनं फडकं खाली ठेवलं. “मावशी, तुम्हीपण?”

“अगं, मी तुझ्या बाजूनंच...”

“तेच तर. सगळे माझ्याच बाजूनं आहेत. कालपासून तीन जणी चकल्या देऊन गेल्या. एकीनं पाठीवरून हात फिरवला. माधवकाका म्हणतात, काकाकडे जाऊन राहा, तो स्थळ बघेल, सगळं विसरून जाशील. पण एकानं तरी विचारलं का, की कीर्ती, पानं तू घेतलीस का?”

शशिकलाबाईंना ते लागलं. हरिपाठाच्या वेळी मन भरकटल्याचं लक्षात यावं, तसं झालं त्यांना. त्या सरळ बसल्या.

“पानं तू घेतलीस का?”

“नाही.”

“बरं. पुस्तक तुझ्या एकटीच्या हातात कधी होतं?”

“खाकी कव्हर घातलं तेव्हा. तुकोजी आजोबांनी दिलं त्याच संध्याकाळी.” मग खालच्या आवाजात, “मावशी, पानं तेव्हाच नव्हती. मी शेवट बघायला म्हणून उघडलं होतं.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“आजोबा म्हणाले संपूर्ण आहे. माधवकाकांनी सभेत जाहीर केलं. किल्ली माझ्याकडे. मी सांगितलं असतं की पानं नाहीत, तर चोर कोण ठरलं असतं?”

“न सांगूनही तूच ठरलीस.”

“हो. पण चार दिवस उशिरा.”

शशिकलाबाईंना हसू आलं. मुलगी रडत नव्हती. आणि नेमकं तेच पुष्कळांना खटकत होतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं. रडली असती तर लोकांनी तिला निर्दोष मानलं असतं असं नाही, पण क्षमा जरा जास्त प्रेमानं केली असती.

“ते पुस्तक काढ बघू,” त्या म्हणाल्या. “आणि एक खराट्याची काडी दे.”

“काडी कशाला?”

“देवाला ठाऊक. आत्ता नको, पण लागली तर जवळ असावी.”

३

विद्याधर सर स्नेहमेळ्याच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले होते. शशिकलाबाई गेल्या तेव्हा ते इडली समोर घेऊन नुसते बसून होते.

“सर, काल व्याख्यानाआधी चहाच्या वेळी पुस्तक तुमच्याजवळ होतं ना?”

“होतं. सगळे बाहेर होते, मी एकटाच आत होतो.” त्यांनी मान वर केली. “म्हणजे आता संशय माझ्यावर?”

“बसल्या बसल्या विचारते आहे. समजा, तुम्ही चहाच्या वेळी शेवट उघडून पाहिलात आणि त्यात वेणू बुडाली होती. तर?”

“तर माझा निबंध बुडाला. दोन वर्षांचं काम.” सर कडवट हसले. “म्हणजे फर्मा काढून खिशात घालायला मला चांगलं कारण होतं. तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं, बाई.”

“मग काढलात का?”

“शेवट आधी बघितलाच नाही. तेवढं पथ्य पाळतो मी. लोकांबरोबरच कळावा असं वाटलं.” त्यांनी इडली बाजूला सारली. “खरं सांगू? काल त्या मुलीकडे सगळे बघत होते ना, तेव्हा मला माझाच विषय आठवला. ती उभी आहे, काही बोलत नाहीये आणि आपण चाळीस जण मनातल्या मनात तिचं प्रकरण लिहितोय. भोळी, फसलेली, निराधार. त्या सद्गृहस्थानं तरी वेगळं काय केलं?”

शशिकलाबाई उठल्या. या माणसानं पानं काढली असती, तर तो असं बोलला नसता, असं मन सांगत होतं. पण मनाचं ऐकून दावे खातं चालत नाही. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “वेणू मरत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुकोजीरावांनी. फोनवर. शब्दन्‌शब्द सांगणार होते ते शेवट, मीच थांबवलं. पाठच आहे त्यांना.”

४

मैलापूरला तुकोजीरावांच्या घरी पितळी पेल्यातून कॉफी आली. म्हातारा ताठ बसलेला, कपाळी गंध, बोलणं असं की बखरीतलं पान उलटावं आणि मधेच तमिळ शब्द गळून पडावा.

“म्यां दिलें तेव्हां संपूर्णच होतें. त्या पोरीस दोष देत नाहीं. पण पानें होतीं. आमच्या आत्याबाईंनीं आम्हां पोरांस किती वेळां वाचून दाखविलें तें. आमा, होय, शेकडों वेळां.”

“आत्याबाई कीर्तन करायच्या?”

“बायकांनीं कुठचें करायचें हो, त्या काळीं? आजोबा करीत. तंजावुरांत नांव होतें त्यांचें. आत्या बालविधवा, माजघराबाहेर यायची नाहीं. पण साकी, दिंडी, ओवी सगळें कंठीं. दुपारीं गल्लींतल्या मुली जमायच्या, त्यांस ही गोष्ट सांगायची. तुम्हांस ऐकायचा आहे शेवट?”

शशिकलाबाई पुढं सरकल्या. हा मोह त्यांना कधीच आवरला नव्हता.

तुकोजीरावांनी डोळे मिटले. आवाज अलगद सुरात गेला. “वेणूनें अखेरच्या पायरीवर पाऊल ठेविलें, आणि पाहते तों काय, गांवच्या समस्त बायका घाटावर. नदी चढली होती, नवें पाणी आलें होतें. बायका पाण्यास हळदकुंकू वाहताहेत, दिवे सोडताहेत, एकमेकींच्या मनगटीं पिवळा दोरा बांधताहेत. केळीच्या पानावर चित्रान्न मांडिलेलें. लिंबाचा भात, चिंचेचा भात, खोबऱ्याचा, दह्याचा. एक म्हातारी म्हणाली, ‘अगे, उभी कां? बैस, पान घे.’ वेणू म्हणाली, ‘मी विधवा. मी मरायास आलें.’ म्हातारी म्हणाली, ‘मर हो. पण उपाशीं कशास मरतेस? आधीं जेव.’ आणि तिच्या मनगटीं दोरा बांधिला. वेणू जेवली. तों पाणी पायरीवरून खालीं उतरलें. भरल्या पोटीं नदींत कोण जातें?”

शशिकलाबाईंच्या डोळ्यांतून धार लागली होती. कॉफी निवून गेली तरी कळलं नाही.

रस्त्यावर आल्यावर मात्र मनातलं दावे खातं जागं झालं. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता. शेवट असा बारीकसारीक ठाऊक म्हणजे आत्याबाईंनी तो वाचून दाखवलेला, म्हणजे पानं होती. म्हणजे कव्हर घालताना पानं नव्हती असं सांगणारी कीर्ती...

बस आली. त्या खिडकीशी बसल्या आणि मनातल्या मनात विठ्ठलाशी भांडायला लागल्या. तू मला त्या पोरीचं तोंड दाखवलंस, खरं वाटलं मला. आता हे काय?

बस टी. नगरच्या वळणावर अडकली. समोर साडीच्या दुकानावर भला मोठा फलक होता. आडी या तमिळ महिन्याची सवलत. खाली रंगीत चित्र: नदीचा घाट, नटलेल्या बायका, केळीचं पान आणि पानावर रंगीबेरंगी भाताचे ढीग.

शशिकलाबाईंनी त्या चित्राकडे बस हलेपर्यंत पाहिलं. मग शेजारच्या बाईला तमिळमध्ये म्हणाल्या, “जरा सरकता का? मला उतरायचंय. परत मैलापूरला जायचंय, एका आजोबांना आणायला.”

५

वाचनालयात त्या दुपारी पाचच माणसं होती. तुकोजीरावांनी आल्या आल्या वेणूचा शेवट सगळ्यांना म्हणून दाखवला होता. कीर्ती कपाटाशी उभी राहणार होती; शशिकलाबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं.

“आमच्या खात्यात पार्सल हरवलं की नवखा माणूस विचारायचा, कुणी उतरवलं? मुरलेला विचारायचा, चढलं होतं का? आपण सगळे काल नवख्यासारखे वागलो.” त्या विद्याधर सरांकडे वळल्या. “सर, तुम्ही साताऱ्याकडचे. कृष्णेला नवं पाणी आलं की वाईच्या बायका काय करतात?”

“घाटावरची दुकानं उठवायला लावतात. पोराबाळांना वर घेतात. फार तर नदीची ओटी भरतील.”

“चार तऱ्हांचे भात घेऊन घाटावर जेवायला बसतात? मनगटाला पिवळे दोरे बांधतात?”

“छे. भर आषाढातल्या पुरात घाटावर जेवायला कोण...” सर थांबले. कालच्यासारखेच, अर्ध्या वाक्यात.

“इथं बसतात,” शशिकलाबाई म्हणाल्या. “कावेरीला. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी. आडीपेरुक्कु म्हणतात. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी सकाळी ऐकताना माझ्याही ध्यानात आलं नाही. वाईची गोष्ट लिहिणाऱ्या सद्गृहस्थाला हा सण ठाऊक असणं शक्य नाही. वेणू कृष्णेच्या पायरीवर उभी राहिली, आणि पुढचं पाऊल पडलं ते तंजावरात, कावेरीच्या पायरीवर. हा शेवट छापलेला नाही, तुकोजीराव. तुमच्या आत्याबाईंनी रचलेला आहे.”

“म्यां तिला वाचतांना पाहिलें आहे,” तुकोजीराव म्हणाले. “पुस्तक मांडीवर असायचें.”

“पानं उलटायच्या?”

“उलटायची कीं.”

“शेवटच्या प्रसंगालाही?”

म्हाताऱ्याची नजर कुठंतरी दूर गेली. “शेवटीं... शेवटीं मिटायची पुस्तक. डोळे मिटून म्हणायची. गाऊन.” त्यांनी कपाळावरून हात फिरवला. “मला वाचतां येत नव्हतें तेव्हां. ती गेल्यावर तें उघडून पाहणें झालें नाहीं कधीं. उघडवेना.”

“पण बाई,” माधवराव चाचरत म्हणाले, “शेवट आत्याबाईंचा, हे मान्य. पण छापलेला शेवटही असेलच की. तो आत्ता कुणी काढला नाही कशावरून?”

“बरोबर विचारलंत. कीर्ती, पुस्तक दे.” त्यांनी कव्हर उतरवलं. “या पुस्तकाला कसर लागलेली आहे, फार जुनी. हे भोक बघा. किडा सरळ जात नाही, तिरपा पोखरत जातो. पानागणिक भोक केसाएवढं खाली सरकतं.” त्यांनी खराट्याची काडी त्या भोकातून तिरपी घातली. ती पानापानांतून गेली, शेवटच्या पानातून गेली आणि मागच्या पुठ्ठ्यातल्या भोकात न अडखळता शिरली. “पान आणि पुठ्ठा यांच्यामधला फर्मा आत्ता कुणी काढला असता, तर पानातलं भोक इथं राहिलं असतं आणि पुठ्ठ्यातलं पार खाली. किड्यानं पोखरलं तेव्हा पानं नव्हतीच. आणि ही कसर कीर्तीच्या जन्माच्या आधीची आहे.”

माधवरावांनी काडी स्वतः घालून पाहिली. मग पुन्हा एकदा. पुस्तक खाली ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“आता पुढचं मी सिद्ध करू शकत नाही,” शशिकलाबाई म्हणाल्या, “पण दाखवते. सगळे फर्मे बांधणाऱ्याच्या मेणदोऱ्यानं शिवलेत. शेवटी मात्र हा वेगळा, मऊ सुताचा. कुणीतरी शिवण उसवून शेवटचा फर्मा काढला आणि घरी बसून पुन्हा टाके घातले. बाहेर त्याचा रंग विटलाय. पण आत, घडीत बघा.”

विद्याधर सरांनी पान अलगद दाबून धरलं. खाचेत, जिथं उजेड पोचला नव्हता तिथं, दोरा अजून हळदीच्या रंगाचा होता.

“घाटावर बांधतात तो,” तुकोजीराव पुटपुटले. “पण आत्याला कोण बांधणार? विधवेस नाहीं बांधीत. ती घरींच असायची त्या दिवशीं.”

शशिकलाबाईंनी तुकोजीरावांना विचारलं, “कीर्तनकाराच्या घरातल्या त्या. तुमचे आजोबा कधी कथा मरणावर सोडायचे?”

“कधीं नाहीं. वेळ झाला, आवाज बसला, तरी मंगळाशीं आणून मगच झांज खालीं.”

“त्याही तेच पाळत होत्या. समोर गल्लीतल्या मुली बसलेल्या, त्यांत कुणी त्यांच्यासारखीच असेल. त्यांना काय वाचून दाखवायचं? की आपल्यासारखीला नदीच आहे? त्यांनी ते पान ठेवलंच नाही घरात.” त्या थांबल्या. “मरायला निघालेलीला आधी जेवू घाला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ निरूपणं ऐकली, पण हे काही मला सुचलं नसतं.”

“माझा निबंध,” विद्याधर सर म्हणाले, आणि चक्क हसले. “चुकीचा नाही हो. कर्ता चुकला फक्त. मी कादंबरीत जिवंत राहिलेली मुलगी शोधत होतो. ती ऐकणाऱ्या बाईनं जिवंत ठेवली. तुकोजीराव, तुम्ही पुन्हा सांगाल का शेवट? मी टेपवर घेतो. आत्याबाईंचं नाव काय होतं?”

“नांव?” म्हातारा गोंधळला. “आम्ही आत्याच म्हणायचो.” खूप आठवून झाल्यावर म्हणाले, “अंबू. अंबूबाई.”

माधवराव तोवर कीर्तीपुढे येऊन उभे राहिले होते. हात जोडावेत की डोक्यावर ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं.

“पोरी, माझं फार... तू मला क्षमा...”

“काका, क्षमेचं राहू द्या,” कीर्ती म्हणाली. “ज्यांना ज्यांना सांगितलंत ना, त्यांना त्यांना फोन करा. पानं चोरीला गेलीच नाहीत, एवढं सांगा.”

“आत्ता करतो,” म्हणून ते आतल्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. पहिला फोन झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला नंबर फिरवणार तोच तिकडूनच घंटा वाजली. माधवराव एकदम ताठ झाले आणि कारखान्यातल्या इंग्रजीत बोलू लागले. कीर्तीनं शशिकलाबाईंचा हात धरला. तिला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं होतं. सिरुसेरीचा फोन.

बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी माधवराव बाहेर आले, चष्मा काढून पुसत.

“काय विचारलं?” शशिकलाबाई म्हणाल्या.

“सचोटी कशी, ते विचारलं. मी म्हटलं, मी देतो खात्री. मग विचारलं, कामाचा ताण आला, लोकांनी बोल लावला, तर ही मुलगी टिकेल का.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, टिकते,” माधवराव म्हणाले. “कालपासून आम्ही तपासूनच पाहत होतो.”